खिरीतले विष चालते, विनोदातले मीठ नको!

१९७७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीच्या कार्यालयात पत्रांचा पाऊस पडला. पत्रे सुमारे ३२ हजार होती आणि मजकूर थोड्याफार फरकाने एकच होता. 'सोप' नावाची जी नवी विनोदी मालिका तुम्ही दाखवणार आहात ती अश्लील आहे, कुटुंबसंस्थेच्या मुळावर येणारी आहे, तेव्हा ती दाखवू नका. मालिकेच्या बाजूने आलेली पत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. यातली मौज अशी, की या पत्रलेखकांपैकी जवळजवळ कोणीच मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. पाहणार कसा? पहिला भाग दाखवला गेला तोच मुळी १३ सप्टेंबर १९७७ रोजी. त्याआधी जूनमध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकात एक लेख आला आणि त्यात मालिकेतली एक तरुणी पाद्र्याला थेट चर्चमध्येच वश करते असे छापले गेले. तसा प्रसंग मालिकेत नव्हताच. पण छापले गेले ते खरे, या न्यायाने धार्मिक संघटनांनी मोहीम उघडली. काही जाहिरातदार मागे सरले, काही स्थानिक केंद्रांनी मालिका दाखवायला नकार दिला, काहींनी ती रात्री उशिराच्या वेळेत ढकलली. आणि एवढे होऊन पहिल्या रात्री काय झाले? त्या वेळी ज्या घरांत दूरचित्रवाणी संच चालू होते, त्यांपैकी सुमारे ३९ टक्के घरांत 'सोप'च चालू होती.

हे परक्या मुलखातले जुने प्रकरण दिवाळीच्या फराळाबरोबर वाढण्याचे कारण असे, की न पाहता पत्रे लिहिणाऱ्यांची ती जात आपल्या सीमाभागातही चांगलीच फोफावली आहे. कोणी विनोदी कार्यक्रमाला अश्लील म्हणून नावे ठेवतो, कोणी शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या प्रहसनावर आक्षेप घेतो, कोणी तमाशाचे नाव काढताच नाक मुरडतो. आणि हीच मंडळी रात्री आठ वाजता सहकुटुंब, सहपरिवार, नातवंडांना मांडीवर घेऊन जे पाहतात त्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत. माझे भांडण आहे ते या तराजूशी.

आधी 'सोप' म्हणजे काय होते ते पाहू. अमेरिकेत कौटुंबिक रडक्या मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणतात, म्हणजे साबणाचा संगीतिकेशी लावलेला पाट. १९३० च्या दशकात रेडिओवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी या कथा सुरू झाल्या आणि त्यांचा खर्च साबण विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपन्या उचलू लागल्या, म्हणून हे नाव. बाईने भांडी घासता घासता अश्रू ढाळावेत आणि अश्रू पुसता पुसता साबणाचे नाव ध्यानात ठेवावे, अशी ती योजना. योजना इतकी पक्की की 'गाइडिंग लाइट' ही मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. ७२ वर्षे! माणसाचे अख्खे आयुष्य संपते, पण साबण काही संपत नाही.

सुझन हॅरिस या लेखिकेने या साबणाचाच फेस काढायचे ठरवले. दोन बहिणी, जेसिका टेट आणि मेरी कॅम्पबेल. एक श्रीमंताघरी पडलेली, दुसरी कष्टकऱ्याच्या घरी. या दोन घरांत जे जे घडते ते सारे रडक्या मालिकांतलेच, पण एका पायरीने वर चढवलेले. जेसिकाचा नवरा बाहेरख्याली. टेनिस शिकवणाऱ्या एका देखण्या तरुणावर जेसिका भाळते, आणि तिची मुलगीही त्याच्यावरच भाळते. त्या तरुणाचा खून होतो, आळ जेसिकावर येतो. मेरीच्या घरात एक मुलगा गुंडांच्या टोळीत सापडलेला, तर एक सावत्र मुलगा हातातल्या लाकडी बाहुल्याशिवाय बोलत नाही, आणि तो बाहुलाच घरातल्या सगळ्यांना टाकून बोलतो. पुढे मेरीच्या नवऱ्याला, बर्टला, परग्रहावरचे लोक पळवून नेतात आणि त्याच्या जागी हुबेहूब दुसरा बर्ट आणून ठेवतात. दर भागाच्या आरंभी निवेदक हा सगळा गुंता अगदी गंभीर आवाजात सांगतो आणि तो ऐकता ऐकताच हसू फुटते.

चावटपणा भरपूर होता. शय्यागृहाचे विनोद होते. बर्टच्या पौरुषहीनतेवर पहिल्या वर्षी कितीतरी विनोद झाले. पण जरा थांबा. बर्ट असा का झाला? मेरीचा पहिला नवरा त्याच्याच हातून मारला गेला होता आणि ते ओझे मनावर घेऊन तो तिच्या शेजारी निजत होता. हसता हसता प्रेक्षकाला हे कळते आणि तो गप्प होतो. टेटांच्या घरी बेन्सन नावाचा काळा खानसामा आहे. दाराची घंटा वाजते. घरातले गोरे धनी एकमेकांकडे बघत बसतात, बेन्सन जागचा हलत नाही, आणि दार मी उघडावे अशी अपेक्षा आहे की काय असे वर विचारतो. गुलामीच्या इतिहासावर एखाद्या प्राध्यापकाने तासभर बोलावे तेवढे त्या घंटेच्या आवाजात सांगून होते. ही भूमिका करणाऱ्या रॉबर्ट गिलोमला १९७९ मध्ये एमी पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी 'बेन्सन' ही त्याची स्वतंत्र मालिका निघाली. खानसाम्यापासून सुरुवात केलेले ते पात्र राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदापर्यंत चढले. मेरीचा दुसरा मुलगा जोडी समलिंगी होता. अमेरिकन दूरचित्रवाणीवर असे पात्र आठवड्यामागून आठवडे घरातलाच एक म्हणून वावरणे ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. त्याच्यावरची सुरुवातीची काही थट्टा आजही बोचते, आणि समलिंगींच्या संघटनांनी तेव्हाच तिला हरकत घेतली होती, हेही सांगितले पाहिजे. पण पुढे तोच जोडी बाप होतो, मुलीच्या ताब्यासाठी न्यायालयात उभा राहतो, आणि ज्याला हसायला प्रेक्षक बसला होता त्याच्यासाठी त्याचा जीव वर-खाली होतो.

आता याच एबीसीचे दुसरे घर पाहा. तिची दुपारची रडकी मालिका होती 'जनरल हॉस्पिटल'. तीत १९७९ मध्ये ल्यूक नावाच्या तरुणाने लॉरा नावाच्या मुलीवर बलात्कार केल्याचा प्रसंग दाखवला गेला. पुढे काय? पुढे त्याची प्रेमकथा झाली. त्या दोघांना लेखकांनी एकत्र आणले, प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांचे लग्न लागले तेव्हा ते पाहायला सुमारे तीन कोटी लोक बसले होते. एलिझाबेथ टेलर, जिच्या सौंदर्याने एकेकाळी जग वेडे झाले होते आणि जिच्या चित्रपटांचा बहर तेव्हा ओसरला होता, तीसुद्धा त्या मालिकेत पाहुणी म्हणून येऊन गेली. 'सोप' मात्र त्याच वर्षी २० एप्रिलला बंद पडली. शेवटच्या भागात जेसिका बंदूकधाऱ्यांच्या रांगेपुढे उभी आहे, गोळ्यांचा आवाज होतो, आणि पडदा पडतो तो पडतोच.

बलात्काऱ्याच्या गळ्यात वरमाला घालणारी मालिका घरंदाज, आणि घरातले ढोंग हसून चव्हाट्यावर मांडणारी मालिका अश्लील! हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

शास्त्राचे नाव निघालेच आहे तर ते उघडून पाहू. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याचे दोष सांगताना अश्लील या दोषाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक व्रीडा म्हणजे लाज उत्पन्न करणारा, दुसरा जुगुप्सा म्हणजे किळस आणणारा, आणि तिसरा अमंगल सुचवणारा. आपल्या संस्कृतिरक्षकांना यातला पहिला तेवढा पाठ आहे. उरलेले दोन प्रकार त्यांनी परीक्षेला येणार नाहीत म्हणून सोडून दिले असावेत. मम्मट शब्दांबद्दल बोलत होता हे मला ठाऊक आहे. पण त्याचाच गज घेऊन आपल्या मालिका मोजायला बसलो तर काय हाती लागते? जावेच्या खिरीत विष कालवणारी जाऊ, सुनेच्या पोटातला गर्भ पडावा म्हणून जिन्यावर तेल ओतणारी सासू, तीन-तीनदा दाखवलेली थप्पड, दर पंधरवड्याला एक चिता, कुंकू पुसण्याचा प्रसंग तर सणावाराला ठरलेला. अमंगल म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आणि हे सारे कसे, तर भरजरी पैठणी नेसून, देवघरासमोर, मागे घंटानाद चालू असताना. पदर ढळत नाही ना, मग झाले. खिरीतले विष चालते, विनोदातले मीठ तेवढे चालत नाही.

आपल्याकडचे दाखले सांगायला मला लांब जावे लागत नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० ते २००८ अशी आठ वर्षे चालली, मेलेला मिहीर त्यात परत आला, आणि २०२५ मध्ये तर ती मालिकाच परत आली. मराठीत 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. सासूचे चार दिवस अकरा वर्षे पुरले! 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की महाराष्ट्रभर तो चेष्टेचा विषय झाला. परग्रहवासीयांनी पळवलेल्या बर्टला हसणाऱ्याने हेही आठवावे. फरक एवढाच, की आपण अशक्य गोष्ट सांगतो आहोत हे सुझन हॅरिसला माहीत होते.

आपल्या दुभाषी जिल्ह्यात तर एकच विष दोन वाट्यांतून मिळते. 'तुला पाहते रे' ही मराठी मालिका २०१८ मध्ये आली. वयाने दुप्पट असलेला उद्योगपती, त्याच्या प्रेमात पडलेली कोवळी मुलगी, आणि मग कळते की याने पहिल्या बायकोचा जीव घेतलेला आहे. ती आपल्या घरांत पाहून संपते न संपते तोच तीच कथा २०१९ मध्ये 'जोते जोतेयली' होऊन कन्नडमध्ये आली. आमच्या बेळगावात असे वाडे आहेत जिथे खालच्या मजल्यावर सासू मराठीत कारस्थान करत होती आणि वरच्या मजल्यावर कन्नडमध्ये. भाषेवरून सत्तर वर्षे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना या एका बाबतीत मात्र हरकत घ्यावीशी वाटली नाही.

भाषेचा विषय निघाला म्हणून एक सांगतो, कारण माझ्या धंद्याचा तो प्रश्न आहे. सीमाभागातल्या मुलाला आज मराठी मिळते कुठून? शाळेत थोडी, घरात थोडी, आणि उरलेली सारी पडद्यावरून. मालिकेतली मराठी ही इस्त्रीची मराठी असते. ती पुण्याचीही नव्हे आणि मुंबईचीही नव्हे. ती दिवाणखान्यातल्या सोफ्याची भाषा आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेत राधिका वऱ्हाडी बोलते तर तिचा नवराच तिला गावंढळ समजतो. तिने पुढे त्याला वठणीवर आणले हे खरे, पण बोली बोलणारी बाई ही आधी गावंढळ ठरवल्याशिवाय कथा सुरू होत नाही, हे ध्यानात घ्या. उलट विनोदी कार्यक्रमात पाहा. तिथे मालवणी येते, वऱ्हाडी येते, कोल्हापुरी येते, आगरी येते. बोलीला आज पडद्यावर जी काही जागा उरली आहे ती विनोदाच्या ओसरीवर. आमच्याकडचा 'कुठं जाऊलालास?' तिथे अजून पोहोचलेला नाही, पण पोहोचलाच तर त्याच दाराने पोहोचेल. ते दार अश्लीलतेच्या नावाखाली लावून घ्यायला निघालेल्यांनी आपण आणखी काय काय बाहेर ठेवतो आहोत याचा हिशेब करावा.

आणि चावटपणा आपल्याला परका कधी होता? तमाशातली गौळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींबरोबर मावशी असते. ती मावशी म्हणजे लुगडे नेसलेला बाप्या. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, आणि मग मावशीची जीभ अशी काही सुटते की समोरच्या फडातल्या पाटलापासून दिल्लीच्या दरबारापर्यंत कोणाची लाज राहत नाही. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये रंगभूमीवर आले. दादा कोंडके यांनी त्यातल्या हवालदाराच्या तोंडून जी द्व्यर्थी बत्तीशी वाजवली तिने पांढरपेशांची कानशिले लाल झाली. पण त्याच तोंडाने तो हवालदार राज्यकारभाराचे वाभाडे काढत होता, म्हणून लोक पुन्हा पुन्हा येत होते. राजाला नागडा म्हणायचे तर नागडा हा शब्द उच्चारावा लागतो, याला इलाज नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की हे मास्तर विनोदाच्या नावावर काहीही खपवून घ्यायला निघाले. तसे नाही. माझे दुसरे भांडण आजच्या विनोदवीरांशीच आहे, आणि ते पहिल्याहून लहान नाही.

१९९१ मध्ये 'सोपडिश' नावाचा एक अमेरिकन चित्रपट आला. रडक्या मालिकेच्या चित्रीकरणामागची लठ्ठालठ्ठी हा त्याचा विषय. सॅली फील्डने त्यात उतरत्या वयाची, खुर्ची डळमळू लागलेली मालिकासम्राज्ञी रंगवली आहे. आणि केविन क्लाइनने रंगवला आहे तिचा जुना सहनट, कधीकाळी त्याच मालिकेतून हाकलला गेलेला. हा बिचारा फ्लोरिडातल्या एका भोजनगृहात, कानाने कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे, ते घास चावत असताना आर्थर मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' करतो आहे. विझलेल्या कीर्तीचे इतके हसवणारे आणि इतके जीव कासावीस करणारे चित्र मी दुसरे पाहिले नाही. ज्या नटाने हॅम्लेटचे स्वप्न पाहिले त्याला चमच्यांच्या खणखणाटावर आवाज चढवावा लागतो. आपल्या रंगभूमीला हे दृश्य अनोळखी नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ मध्ये गेल्या त्या विपन्नावस्थेतच. १९९२ च्या 'एक होता विदूषक' या चित्रपटात, ज्याचे लेखन पु. ल. देशपांडे यांचे आणि दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तमाशातून वर आलेल्या सोंगाड्याची कीर्ती कशी पोकळ होत जाते ते दाखवले. ज्या प्रेक्षकांनी त्यांना 'हसवणारा लक्ष्या' म्हणून डोक्यावर घेतले होते, त्यांनी तो चित्रपट उचलून धरला नाही, हेही त्यातलेच.

तर मुद्दा हा की 'सोपडिश'ने उतरत्या कीर्तीला हसताना त्या माणसांना माणूस म्हणून ठेवले. आणि त्याच चित्रपटाने शेवटाकडे माती खाल्ली. त्यातल्या कारस्थानी नटीचे रहस्य काय, तर ती पूर्वी पुरुष होती! हे सर्वांसमक्ष उघड होते, लोक किळस आल्यासारखी तोंडे करतात आणि तिचा निकाल लागतो. चौदा वर्षांपूर्वीच्या 'सोप'ने जोडीला घरात जागा दिली होती, आणि या चित्रपटाने तशाच एका जीवाला हसून दाराबाहेर काढले. 'सोप' अधिक चावट होती. 'सोपडिश' अधिक निर्दय ठरला, निदान त्या एका प्रसंगात. चावटपणा आणि निर्दयपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपले टीकाकार पहिल्याला झोडपताना दुसऱ्याला सोडून देतात.

आपल्या पडद्यावर आज नेमके हेच चालले आहे. साडी नेसलेला पुरुष येतो. मावशीची परंपरा म्हणून मला त्यात गैर वाटत नाही. पण मावशी नेसत होती ती पाटलाला चार शब्द सुनवायला. आजचा साडीवाला पुष्कळदा नुसता साडी नेसतो, आणि आपण साडीलाच हसावे अशी अपेक्षा असते. मग कोणाचे पोट सुटलेले, कोणाचा रंग काळा, कोणाचे दात पुढे, कोणी बोबडा. विनोद संपला. याला चावटसुद्धा म्हणता येत नाही, कारण चावटपणाला धाडस लागते.

मालिकांच्या विडंबनाचे तर विचारूच नका. झी मराठीवरचा 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या खेपेला जवळजवळ दहा वर्षे चालला. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे ही माणसे अस्सल गुणाची. भाऊ कदम नुसते येऊन उभे राहिले तरी घर हसते. कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचत तेव्हा हसणारे घर डोळे पुसत असे, आणि ते अश्रू मालिकेतल्या ग्लिसरिनचे नव्हते. पण त्या कार्यक्रमाची घडण पाहा. येत्या शुक्रवारी ज्यांचा चित्रपट लागायचा आहे ते नट समोर सोफ्यावर बसलेले, आणि त्यांच्या देखत त्यांच्याच जुन्या चित्रपटाचे विडंबन. ज्या वाहिनीच्या मालिका त्याच वाहिनीवर त्यांची चेष्टा, मालिकेतली सासू-सून पाहुणी म्हणून टाळ्या वाजवायला हजर. ज्याची चेष्टा करायची त्यालाच पाटावर बसवून ओवाळले, तर ओवाळणीतले निखारे पाटावर पडू नयेत याची काळजी घ्यावीच लागते.

कोणी म्हणेल, एबीसीनेही घरच्याच मालिकांची चेष्टा घरच्याच वाहिनीवर केली होती. खरे आहे. म्हणूनच वाहिनी कोणाची यावर मी सगळा दोष टाकत नाही. पण सुझन हॅरिसने 'जनरल हॉस्पिटल'च्या पात्रांना पाहुणचाराला बोलावून नवीन भागांची दवंडी पिटली नाही. १९७२ मध्ये 'मॉड' या मालिकेत तिने गर्भपातावर दोन भाग लिहिले होते आणि तेव्हाही असेच रान उठले होते. तिला घरांघरांतल्या ढोंगावर राग होता आणि विनोद हे त्या रागाचे हत्यार होते. आमच्या विडंबनकारांना राग कशाचा आहे? सासूने सुनेचा छळ करावा आणि सुनेने तो सोसून देवी व्हावे, या कथेचा त्यांना खरोखर राग आहे काय? असेल तर तो दिसत नाही. दिसते ते असे, की थप्पड तीनदा दाखवण्याची नक्कल होते, पण थप्पड का मारली हे कोणी विचारत नाही. नकलेने मालिकेची गोडी वाढते. दुसऱ्या दिवशी आठ वाजता आपण पुन्हा बसतोच.

मी ज्या शाळेत काम करतो तिथे यंदा नववीच्या मुलामुलींनी स्नेहसंमेलनासाठी एक प्रहसन लिहिले आहे. मालिकेचेच विडंबन. सून गरोदर आहे. नांदते घर आहे. सासूचे काम एक मुलगा करतो आहे आणि तो आपल्या आजीच्या भाषेत विचारतो, 'अठरावा म्हयना लागला की गे, पोर कुठं अडकलंय?' तेव्हा पडद्यामागून निवेदक सांगतो की जाहिरातींनंतर बाळंतपण होईल. जाहिराती संपत नाहीत. शेवटी सून उठते, पोटावरची उशी काढून सासूच्या हातात देते, आणि मी दहावीच्या परीक्षेला बसते म्हणून निघून जाते. हे सारे त्यांचे त्यांनी लिहिले. मी फक्त दोन अटी घातल्या. कोणाचे अंग, रंग, जात, व्यंग यावर एकही वाक्य नको, आणि हेडमास्तरांची नक्कल करायची असेल तर नीट करा, अर्धवट करू नका. दुसरी अट त्यांनी फारच मनावर घेतली आहे.

यावर काही पालकांचे सहीनिशी पत्र आले. शाळेच्या रंगमंचावर गरोदरपणाचा विषय नको, मुलाने लुगडे नेसायला नको, आणि आपल्या घरातली बोली सर्वांसमोर बोलून दाखवायला नको, असा त्याचा आशय. तिसरी हरकत वाचून मला पहिल्या दोन्हींचा उलगडा झाला. लाज गरोदरपणाची वाटत नाही, तो विषय तर ते रोज रात्री आठला मुलांना शेजारी बसवून पाहतात. लाज वाटते ती आजीच्या बोलण्याची. ती बोली बेळगावात चौकात चालते, खानापूरच्या बाजारात चालते, शेतात चालते, भांडणात तर तिच्याशिवाय चालतच नाही. रंगमंचावर आली की ती ग्राम्य होते!

पत्राला उत्तर मी लेखी दिले आहे आणि ते इथेही देतो. प्रहसन होणार. मुलाच्या अंगावर लुगडे असणार, आणि सून त्याच्या हातात उशी देऊन निघून जाणार. प्रहसनाची तालीम दर शनिवारी दुपारी साडेबारा वाजता, मधल्या दालनात चालते. पत्रावर सह्या करणाऱ्यांपैकी अजून एकही जण ती पाहायला आलेला नाही. दालनाला दार आहे, पण ते तालमीच्या वेळी उघडेच असते. येताना आजीला बरोबर आणले तर अधिक बरे. मुलांना दोन-तीन शब्द अडले आहेत.